गिरडची चादर आणि लिथियमचे काटे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे माझं रडगाणंच आहे.

तेव्हा मी नागपूरच्या लॅबमध्ये लिथियमच्या बॅटरीवर पीएचडी करत होतो. ही बॅटरी चार्ज करत गेलं की आतल्या लिथियमवर बारीक काटे उगवतात, मधला पडदा फोडून पलीकडे पोचतात आणि बॅटरी शॉर्ट होते. ते काटे थांबवायचे, एवढंच माझं काम. लेप बदलले, द्रावणं बदलली, ऐन उमेदीची वर्षं गेली. काटे काही थांबेनात.

सुट्टीत सेलूला घरी गेलो, तर आई म्हणाली, "काऊन रे, असा वाळून राह्यला?" सगळं सांगितलं. ती म्हणाली, "थांब, गिरडच्या बाबाले नवस बोलतो मी."

पुढच्याच महिन्यात एक सेल उघडला, तर लिथियम आरशासारखं लख्ख! एक काटा नाही. सरांना सांगायच्या आधी मी घरी फोन केला. आईने लगेच गिरडला जाऊन दर्ग्यावर चादर चढवली, गल्लीभर पेढे वाटले.

इकडे सरांनी मशीनचा आलेख पाहिला. "अरे, करंट शून्य आहे. वायर सुटलीय. हा सेल चार्ज झालाच नाही."

काळजावर दगड ठेवून घरी पुन्हा फोन लावला. "आई, वायरच सुटली होती. बॅटरी चार्जच नाई झाली, म्हणून काटे नाई आले. आता वायर जोडून पुन्हा करून पाहतो."

आई म्हणाली,

"बाबानं तं काटे थांबवले ना? मंग आता तू ते वायर कायले जोडून राह्यला?"