झाकणातला दिवा

—न्हाई न्हाई, शरणप्पा, तुमी काच काढू नका, बोट कापंल. ठेवा हितं टेबलावर, मी काढतो. नवी कापी पायजे ना तुमच्या अव्वाच्या फोटूची, धाकट्याला द्यायला? वाटण्या झाल्या म्हणा की. शेत वाटता येतंय, आई कशी वाटणार — मग फोटू दोन, बराबर हाय. चाकूरात लई घरी तसंच झालं, अन् समद्या कापी ह्या धोंडप्पाच्याच स्टुडिओतनं निघाल्या. काय म्हणता, मोबाईलवर काढून घेऊ? घ्या की. आईच्या तोंडावर काचंत तुमचंच टक्कल दिसंल. त्याला स्कॅनर लागतो — ह्यो बगा. जुना हाय, पन इमानदार हाय. बसा, तापायला येळ लागतो त्याला. अन् पाणी इचारलं न्हाई म्हणून राग धरू नका, टँकर आलाच न्हाई ह्या गल्लीत. तिकडं लातूरला रेल्वेनं पाणी आणायलेत, हितं आमी रेल्वेचा आवाज ऐकून तहान भागवायची.

चालू हाय का म्हणता? हाय, निम्मा. जावयाचा परताप. पुण्याला असतेत, कॉम्प्युटरमधेच हायेत, मानूस चांगला, आमची बायकू मल्लम्मा गेली तवा लेकीला घेऊन हितंच राहिले. पन बसून बसून करनार काय — "मामा, तुमच्या कॉम्प्युटरातलं सॉफ्टवेअर लई जुनं झालं, नवं फुकट मिळायलंय, टाकून देऊ का?" मी काय म्हणनार? तसल्या दिसांत मानूस कशालाबी मान हलवतो. आधी समदं पुसलं, जुन्या फायली कचरा म्हणून काढल्या, मग नवं टाकलं. झकास झालं. पडदा असा निळाशार. अन् स्कॅनर लावला तर वळखच देईना! इतक्या वर्सांचा संसार त्यांचा, अन् जशी कधी गाठच पडली न्हाई. बसवराज म्हणाला — बस स्टँडमागं क्लास घेतो बगा, तो — "काका, ड्रायव्हर गेला." म्हणजे ह्या दोघांत बोलनं लावून देनारा मध्यस्त असतो, तो जुन्यासंगं गेला. अन् कंपनीनं नव्यासाठी काढलाच न्हाई. कामून काढतील? त्यांना नवा स्कॅनर इकायचाय.

हव, केले की, लई उपाय केले. नेटवर कुठले कुठले लोक आपल्या हातानं ड्रायव्हर करून ठिवतेत, बसवराजनं ते उतरवून आणले. एक टाकला, मशीनच बंद पडलं. दुसरा टाकला, दिवा निम्म्यात येऊन थांबला. पडद्यावरचं ते चूक दावनारं पिवळं तिकोणी चिन्ह काय जाईना. काल एक कसाबसा बसला. कागद घेतोय, फोटू घेतोय — तुमची कापी निघंल, घोर करू नका. पन झाकणातला दिवा लागंना. निगेटिव्ह घ्यायची तर उजेड वरनं लागतो, झाकणातनं, अन् ह्या ड्रायव्हरला झाकणात दिवा हाय हेच ठावं न्हाई.

कसली निगेटिव्ह? हाय एक. घरची. ठेवली व्हती जपून. लातूर जिल्हा झाला त्या सालातली. लोकांनी गुलाल उधळला, पेढे वाटले, मी नवा कॅमेरा घेऊन हिंडायलो, अन् ही आपली वट्ट्यावर उबी — नव्यानं नांदायला आलेली, वाजंत्री बगायला पदर सोडून उबी. मी म्हणलो, मल्लम्मा, इकडं बग. तशी बगितली. हसली न्हाई, नुसती बगितली, टक्क. तेवढीच. प्रिंट काढली न्हाई हो मी. गिऱ्हाइकाचं आधी, घरचं काय, करू की उद्या. लग्नातला फोटू हाय, पन त्यात मान खाली. आधारकार्डावर हाय, त्यात तर जिती असून मेल्यावानी दिसती. पुण्याला पाठवू म्हणता निगेटिव्ह? एका गिऱ्हाइकाची पाठवली व्हती लग्नाची, अजून यायलीय. न्हाई, ही हातातनं सोडनार न्हाई मी.

अन् शेवटचा फोटू हाय, तो काय, मीच काढला. आपल्या लिंगायतांत मेलेल्या मानसाला बसवूनच नेतेत, तुमाला काय सांगायचं. भिताडाला टेकवून बसवली, इभूत लावली, हार घातला. सोयरे म्हणाले, आज तरी दुसऱ्याला बोलवा. कुणाला बोलवू? आख्ख्या तालुक्यातली मानसं मीच काढली तशी. हिला परक्याच्या हाती कशी देऊ? टँकरच्या रांगेत पडली ती, उनात, घागर हातातच. तोंड शांत व्हतं. पन डोळे मिटलेले. सांगा, तसा फोटू भिताडावर कसा लावू? रोज सकाळी उठून झोपलेलीलाच उठवायचं का?

न्हाई न्हाई, डोळे उघडता येतेत की. तीच तर माझी कला. मेलेल्याचा मिटल्या डोळ्यांचा फोटू घ्यायचा, जितेपनीचा एक मिळाला तर त्यातनं डोळे काढायचे, हितं बसवायचे. न्हाईच मिळाला तर दुसऱ्याचे. बाप्यांना माझे चालायचे. अन् बायांना — बायांना हिचेच की! हिच्या नुसत्या डोळ्यांची फायल तयारच व्हती, त्याच निगेटिव्हची. थोड्या सुरकुत्या वढायच्या, थोडं पानी कमी करायचं, कुनाच्याबी तोंडावर बसायचे. डोळे म्हातारे हुत न्हाईत, शरणप्पा. घरणी गावात हायेत, नळेगावात हायेत, किती भिताडावरनं ती बगायलीय. हसायची मला, म्हणायची, मी मेल्यावर मला काय ठेवनार मग? अन् ती फायलच जावयानं कचरा म्हणून... माझ्याच घरी न्हाईत बगा ते. तिच्याच तोंडाला न्हाईत.

हां, निघाली काच. पुसतो जरा. फुफाटा लई बसलाय...

आरं.

हितंच हायेत की. तुमच्या अव्वाला बी मीच — हव, आठवलं, एकबी फोटू नव्हता त्यांचा, मीच बसवले व्हते! कसं बसलेत बगा, जशेच्या तशे. शरणप्पा, ह्यो कागद हाय. कागद तर घेतोय की स्कॅनर, झाकणातल्या दिव्याची गरजच न्हाई ह्याला! म्हणजे आत्ता, हितल्या हितं — तुमची कापी फुकट, दोनी फ्रेमा फुकट, नुसते डोळे घेतो मी ह्यातनं, तुमच्या अव्वाचं कायबी कमी हुनार न्हाई, कागद जसाच्या तसा ऱ्हाईल — तुमी उटलाव कामून?

मी काय म्हणलो? ... बसा. बसा ना. द्या इकडं, छातीला धरू नका, फोटू मुडपंल.

काय? रोज? रानात जायच्या आधी, तिच्याम्होरं उबं ऱ्हाऊन? समदं सांगता? बोअर आटली ते, वाटणीचं भांडन, ते बी? अन् ती बगती म्हणता. ऐकल्यावानी बगती.

ऐकत आसंल, शरणप्पा. ती लई ऐकायची. मी बोलायचो कमी, अन् आता बगा, तुमच्याम्होरं थांबंना झालोय. न्हाई, खोटं न्हाई केलं काय मी. तुमीच म्हणला व्हताव तवा, अव्वा बगायली पायजे. बगायली की न्हाई इतकी वर्सं?

रडू नका. घ्या, तुमचीच हाय. मी न्हाई घेत काय त्यातलं. न्या घरी.

काय इचारता? मग तुमच्या अव्वाचे डोळे कसे व्हते? मला कसं ठावं आसंल, शरणप्पा? मी आलो तवा मिटलेले व्हते. तुमाला आठवत न्हाईत का?

जावा. दार लोटून घ्या.