माशांवर बसलेला विश्वास

हाडांच्या दवाखान्यात एक शिंपीणबाई प्लास्टरमधला हात सांभाळत बसली होती. शेजारच्या बाकावर एक आई आणि तिची नणंद बोलत होत्या. आईच्या मांडीवर, पायाला प्लास्टर घातलेली चिमुरडी झोपली होती.

"डॉक्टर मासे कसले म्हणाले गं, वहिनी?"

"हिच्या जनुकात जो दोष आहे, तोच त्यांनी प्रयोगशाळेत बोटाएवढ्या माशांत घातला. त्यांचीही हाडं वाकडी वाढली, पोहता पोहता मोडली. कुणी पाडलं नाही, कुणी मारलं नाही."

"म्हणजे जन्मापासूनचंच. बरं झालं, कळलं एकदाचं."

"काय बरं झालं, वन्सं? झबलं घालताना हिचा हात मोडला, हे मी घसा फोडून सांगत होते. तुम्ही चारचौघांत म्हणालात, हिच्या हाती पोर देऊ नका. आणि पोरीला उचलून तुमच्या घरी घेऊन गेलात."

"आम्हाला काय माहीत?"

"मी सांगत होते की! माझ्यावर विश्वास नव्हता, माशांवर बरा बसला?"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. तेव्हाही ऐकलंच होतं."

शिंपीणबाईला आतून हाक आली. ती जागची हलली नाही.

"तुमच्या घरी हिचा पाय मोडला, तेव्हा मी विचारलं का, काय केलंत म्हणून?"

नणंदेने चिमुरडीच्या प्लास्टरवरून हात फिरवला.

"मी नव्हतं पाडलं गं तिला."

"मला तेव्हाच माहीत होतं."