मी विकले, दाजींनी घेतले

शेअर बाजारात आपणच हुशार, असं मला कालपरवापर्यंत वाटायचं. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर घेतलेले एका कंपनीचे शेअर मी भुसावळला विकले आणि त्याच दुपारी धुळ्याला अक्काकडे, म्हणजे बहिणीकडे गेलो. मेव्हण्यांना ऐटीत म्हणालो, "दाजी, वेळेवर सुटलो. आता ते पडणार."

दाजींचा घास हातातच राहिला. "अरे, तेच मी सकाळी घेतले. वाढणार आहेत, पक्की बातमी आहे."

"माझीही पक्कीच आहे."

आम्ही कडाडून भांडलो. पुढे दोन महिने दोघंही धास्तावून रोज भाव बघत होतो.

परवा अक्कानं विचारलं, "मंग? पडना का वाढना?"

"भाव होता तिथेच आहे," मी म्हणालो.

"मंग कमावलं कोनी?"

दाजी हळूच म्हणाले, "दलालानं."