साधं की प्रीमियम?

साडूवर जळू नये असं सांगणाऱ्या माणसाला साडू नसतो, एवढं लक्षात ठेवा.

माझे सासरे, आबा, नरडाण्याचे. चारचौघांत माझी ओळख करून देताना त्यांचं एकच वाक्य: "हाऊ मना मोठा जवाई. साधा मानूस शे." माझी व्हॅन जुनी, म्हणून मी साधा. धाकट्या जावयाची ओळख मात्र त्याच्या नव्याकोऱ्या, लांबलचक गाडीपासून सुरू होते.

परवा चोपड्याला लग्नाला दोन्ही गाड्या निघाल्या. आबा माझ्या शेजारी, बायको मागे. पंपावर पंपवाल्यानं विचारलं, "साधं की प्रीमियम?"

आबांसमोर 'साधं' हा शब्द माझ्या तोंडून निघेना. मी ऐटीत म्हणालो, "प्रीमियम! टाकी फुल!"

पंपवाल्यानं व्हॅनकडे बघितलं. "भाऊ, हिला साधंच चालतं. प्रीमियमनं काही फरक पडायचा नाही."

"तू टाक रे!"

बायकोनं कपाळाला हात लावला.

तेवढ्यात मागून धाकटा आला. काच खाली करून म्हणाला, "साधं टाका. कंपनीनं साधंच सांगितलंय."

मला मनातून उकळ्या फुटल्या. म्हटलं, आता कळेल आबांना, साधा कोण ते!

आबांनी मान वळवून धाकट्याकडे कौतुकानं बघितलं आणि म्हणाले, "देख, इतली मोठी गाडी, पन मानूस कितला साधा शे!"

एवढ्या वर्षांत सासरी माझ्याकडे तेवढा एकच शब्द होता हो. तोही त्यानं टाकी भरून नेला.