ज्याच्या त्याच्या आईखाली

सोलापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्यासमोर ऑपरेशननंतरच्या तपासणीला आलेले सांगोल्याकडचे एक मेंढपाळ नि त्यांची बायको बसली होती. शेजारी भवानी पेठेतल्या एक बाई होत्या. त्यांनी चष्मा काढून विचारलं,

“मामा, ऑपरेशननं फरक पडला का हो? या चष्म्यानं मी पायऱ्या चुकते.”

“माजं बी तेच हुतं की. वरच्या काचंतनं लांबचं दिसायचं, खालच्या काचंतनं जवळचं. चालताना पायाखालचं समदं पुसट. आता डोळ्यातली जुनी लेन्स काढून नवीच बसवलीया. लांबची मेंढरं दिसत्यात, हातातलं कोकरू बी दिसतंय.”

“कोकरं ओळखू येतात?”

“साठ हायती. सांजच्याला एकेक उचलून ज्याच्या त्याच्या आईखाली सोडतो. चष्मा हुता तवाबी एक चुकलं न्हाय.”

“हरिबा मेटकरी, आत या!”

ते ताठ मानेनं आत गेले.

“मावशी, खरंच एकही चुकलं नाही?”

“लई चुकायची. परकं कोकरू आलं की मेंढी ढुशी देऊन हाकलती. मग मी मागनं जाऊन बदलायची.”

“त्यांना बोलला नाहीत कधी?”

“कशापायी? साऱ्या धनगरवाड्यात नाव हाय त्यांचं.”

“आणि आता?”

“ऑपरेशनला महिना झाला. अजून रोज मागनं फिरती, पर बदलायला एक बी गावंना.”

तेवढ्यात ते बाहेर आले.

“काय सांगतीया ही?”

“हेच की, तुमचं कोकरू कदी चुकलं न्हाय.”