न्यायला कोण येणार

बाई: ते कपाट तिसऱ्यांदा हलवून बघताय, भाऊ. पडत नाही ते. भिंतीला ठोकलंय.

लिफ्टवाला: वरचा स्क्रू सैल आहे. खालचे दोन घट्ट आहेत म्हणून उभं आहे. एखादं पोर दाराला लोंबकळलं, तर येईल अंगावर.

बाई: बावीस वर्षं पाळणाघर चालवतेय मी. खायला काय देता विचारतात, मारता का विचारतात. स्क्रू कोणी विचारला नव्हता. तुमची लेक बरी, केव्हाच आत मुलांत जाऊन बसली.

लिफ्टवाला: माझं कामच ते आहे. लिफ्ट दुरुस्त करतो मी. काय पडेल, काय अडकेल, तेवढंच दिसतं मला.

बाई: मग आमच्याकडे काय दिसलं?

लिफ्टवाला: दाराची कडी उंच आहे. खिडकीला जाळी आहे. आणि मुलांचा आवाज आहे. याआधी तीन पाळणाघरं पाहिली. एकात मुलं टीव्हीकडे तोंड करून बसलेली, एकही मान वळली नाही. दुसऱ्यात सकाळी अकरा वाजता बाराच्या बारा मुलं गाढ झोपलेली.

बाई: अकराला? काहीतरी पाजत असणार बया.

लिफ्टवाला: तेच आलं मनात. हिला कडेवर घेतलं आणि जिने उतरलो. तिसऱ्यांनी माझं ऐकूनच घेतलं नाही. आईला पाठवा म्हणाले.

बाई: मग पाठवायचं की आईला.

लिफ्टवाला: ती वारली. दीड वर्ष झालं.

बाई: मला काय ठाऊक, बाबा. बसा. उभे का तुम्ही? इतके दिवस कोण सांभाळत होतं हिला?

लिफ्टवाला: मीच. कामावर नेतो. मशीनच्या खोलीबाहेर बाहुली घेऊन बसते. गेल्या आठवड्यात साहेबांनी पाहिलं. सोमवारपासून मुलीला घेऊन दिसलास तर घरी बस, म्हणाले. त्यांचं चुकलं नाही. जागा धोक्याचीच. मी सारखा मागे वळून बघतो, आणि वळून बघणाऱ्याने तारेला हात लावू नये.

बाई: म्हणजे सोमवारी जागा हवीच. आहे माझ्याकडे एक. फॉर्म भरलात?

लिफ्टवाला: भरला. एक विचारायचं होतं. ती जरा वेगळं बोलते. मुलं हसतील का तिला?

बाई: काय बोलते?

लिफ्टवाला: कोणी लिफ्टमध्ये अडकलं की मला फोन येतो. पोचेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहावं लागतं. घाबरू नका, मी इथेच आहे, दार ओढू नका. हिने ते इतक्यांदा ऐकलंय की आता बाहुलीला तेच सांगते, ताटलीला, चपलेला. घरी तर भिंतीला सांगते. बाबा, भिंतीत माणूस अडकलाय, त्याला काढ ना, म्हणते. रोजचं आहे.

बाई: आमच्याकडे एक पोरगा जेवेपर्यंत म्हैस असतो. कोणी हसत नाही, उलट त्याच्यापुढे गवत टाकतात. आणा तो फॉर्म. न्यायला कोण येणार, तिघांची नावं. पहिले तुम्ही. दुसरी मावशी. तिसरे शेजारचे काका. मावशी आहे ना, मग काय बघायचं. माय मरो, मावशी जगो, उगीच नाही म्हणत.

लिफ्टवाला: हं.

बाई: आता दोघांना फोन लावते.

लिफ्टवाला: आत्ता?

बाई: माझी पद्धत आहे. पालकांच्या समोर, एकेक नंबर. मागे एका मुलाची आई रस्त्यात पडली. दवाखान्यात बेशुद्ध, आणि फॉर्मवरचे बाकीचे दोन्ही नंबर बंद. पोरगं दोन दिवस माझ्याकडे होतं. दार वाजलं की चपला घालून उभं राहायचं. तेव्हापासून ठरवलं, फोन लागल्याशिवाय मूल घ्यायचं नाही. कोणी कितीही गळ घालो.

लिफ्टवाला: काका कामात असतील या वेळी.

बाई: बघू की. हॅलो? मी पाळणाघरातून बोलतेय.

फोनवरचा आवाज: कुठून?

बाई: पाळणाघर. तुमच्या शेजारचे लिफ्टवाले आहेत ना, त्यांच्या मुलीला न्यायला तुमचं नाव दिलंय.

फोनवरचा आवाज: कोण लिफ्टवाले? मी कोणाला ओळखत नाही. माझा नंबर कोणी दिला तुम्हाला? ठेवा फोन.

बाई: त्यांनीच ठेवला. काय हो हे?

लिफ्टवाला: इमारतीत खाली पाटी आहे, सगळ्यांचे नंबर आहेत त्यावर. तिथून घेतला. भिंतीला भिंत लागून आहे आमची. चार वर्षं झाली. त्यांचं दार मी कधी उघडं पाहिलं नाही.

बाई: मग आधी विचारायचं तरी.

लिफ्टवाला: दोनदा बेलपर्यंत हात नेला. दार उघडल्यावर सांगू काय? तुम्ही मला ओळखत नाही, पण माझ्या मुलीला आणाल का?

बाई: बरं, राहिलं. मावशीला लावते.

लिफ्टवाला: बाई, जरा थांबा, मी सांगतो—

(बाईंनी नंबर लावलेला असतो. लिफ्टवाल्याच्या खिशातला दुसरा फोन वाजतो. सवयीने तो पहिल्याच रिंगला उचलतो.)

लिफ्टवाला: हॅलो, घाबरू नका, मी इथेच आहे. कितव्या मजल्यावर अडकलात?

बाई: तळमजल्यावर. तुमच्या समोर.

लिफ्टवाला: हा कंपनीचा फोन आहे.

बाई: कळलं ते. मावशी कुठे आहे?

लिफ्टवाला: नाही. हिच्या आईला बहीणच नव्हती.

बाई: तुमचं कोणी? भाऊ, मित्र?

लिफ्टवाला: भाऊ आहे, बोलणं नाही. मित्र होते. ती गेल्यावर पंधरा दिवस येत होते. नंतर मीच फोन उचलेनासा झालो, मग त्यांनीही सोडलं. दिवसभर लोक मला म्हणतात, लवकर या हो, तुमच्याशिवाय कोणी नाही. दार उघडलं की घड्याळ बघत निघून जातात. त्यांचंही बरोबर आहे, त्यांना उशीर झालेला असतो.

बाई: म्हणून खोटं लिहायचं?

लिफ्टवाला: लिहायला बसलो तेव्हा खोटं लिहायचं नव्हतं. तीन ओळी होत्या. पहिली भरली आणि पेन थांबलं. तासभर बसलो होतो तसाच. ती गेली त्या दिवशीसुद्धा इतकं एकटं वाटलं नव्हतं मला.

बाई: ते सगळं खरं, भाऊ. पण कोणी अडकलं आणि तुम्हाला यायला दहा वाजले, तर मी काय करू? तुम्हालाच काही झालं तर? मला ते पोरगं अजून दिसतं, चपला घालून उभं.

लिफ्टवाला: नियम मोडू नका. त्या नियमामुळेच इथे ठेवायचं होतं तिला. बोलावतो तिला, निघतो.

बाई: थांबा. माझा फोन वाजतोय. मघाचाच नंबर. हॅलो, बोला.

फोनवरचा आवाज: मघाशी मी जरा तोडूनच बोललो. मला फोन येतात ते काहीतरी विकायलाच येतात. ती मुलगी... तिचा आवाज बारीक आहे का? र म्हणता येत नाही तिला?

बाई: तिचे वडील समोरच आहेत. स्पीकर लावते.

लिफ्टवाला: हो, काका. र ला ल म्हणते.

फोनवरचा आवाज: 'घाबलू नका, मी इथेच आहे.' रोज संध्याकाळी येतो आवाज. आधी वाटलं, कोणाचा तरी रेडिओ आहे. नंतर पलंगच त्या भिंतीला लावून घेतला.

लिफ्टवाला: तुम्हाला त्रास होत असेल तर—

फोनवरचा आवाज: त्रास कसला? दिवसभरात माझ्याशी तेवढंच कोणीतरी बोलतं. मी उत्तर देतो. 'बरं बाई, नाही घाबरत,' म्हणतो. तिला ऐकू जात नसेल.

लिफ्टवाला: जातं, काका. म्हणून तर ती रोज माझ्या मागे लागते. भिंतीत माणूस अडकलाय, त्याला काढ, म्हणते. मी म्हणायचो, तिथे कोणी नाही.

बाई: काका? आहात ना?

फोनवरचा आवाज: आहे. लिहा माझं नाव.

बाई: अशी नाही लिहीत मी. आधी आज यांना घरात घ्या, मुलीला नीट बघू द्या तुम्हाला, चहापाणी होऊ दे. तिला तुम्ही पटलात तर सोमवारी तुमचं नाव. मावशीच्या जागी दुसरं कोण, ते पुढच्या महिन्यात बघू. आणि भाऊ, जायच्या आधी तो स्क्रू आवळा.

लिफ्टवाला: आवळतो. काका, आम्ही सातपर्यंत पोचू. बेल वाजवतो.

फोनवरचा आवाज: बेल बंद पडलीय माझी. कोणी वाजवत नाही म्हणून मी दुरुस्त करून घेतली नाही. तुम्ही असं करा, घरी गेलात की तिला भिंतीवर टकटक करायला सांगा. मी दार उघडतो.