उतरल्यावर

बसच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"अगं, घोटभर तरी पाणी पी."

"नको. बस चार तास कुठे थांबत नाही म्हणे."

"ड्रायव्हरला सांगू की."

"आणि माझ्यासाठी अख्खी बस खोळंबणार? मेल्याहून मेल्यासारखं होईल मला."

"मागे अशीच चक्कर येऊन पडलीस!"

"तुम्ही सुजेची गोळी घेतलीत ना? पाय बघा कसे टम्म झालेत."

"घेतली की."

"मग खिशात ही काय?"

"उतरल्यावर घेईन. घेतली की दर अर्ध्या तासाला जावं लागतं… अगं, लेकीचा फोन. काय सांगू?"

"द्या इकडे. हो गं, बाबांनी गोळी घेतली. मीही पोटभर पाणी प्यायले. तू अगदी निर्धास्त राहा."